घरचं चीज-कीश : पारी खुसखुशीत, कस्टर्ड मऊ आणि चीज बेताचं

मिराबेल (नाँसी, फ्रान्स)

मुलांच्या डब्याच्या धाग्यावर कीशचा, म्हणजे मैद्याच्या पारीत अंडं-क्रीमचं खारं मिश्रण (कस्टर्ड) भरून भाजलेल्या फ्रेंच पदार्थाचा, विषय निघाला आणि तिथे बऱ्याच जणींनी तेच प्रश्न विचारले. तळ ओला का राहतो? कस्टर्डला पाणी का सुटतं? चीज कुठलं घालायचं? तिथे तुकड्यातुकड्यांनी उत्तरं देण्यापेक्षा वेगळा धागा काढते आहे. मी राहते तो लोरेन प्रांत म्हणजे कीशचं माहेर. इथे ते बेकरीच्या काचेआड असतं, शाळेच्या जेवणात असतं, रविवारी रात्री घरोघरी उरल्यासुरल्या भाज्या संपवायलाही तेच होतं.

आधी चीजबद्दल, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. जुन्या पद्धतीच्या कीश लोरेनमध्ये चीज नसतंच. अंडी, क्रीम आणि धूर दिलेल्या पोर्कचे बारीक तुकडे, ज्यांना इथे लार्दों म्हणतात, एवढ्यावर ते होतं. ग्रुयेर चीज घातलं की शेजारच्या व्होज डोंगरांवरून त्याला कीश व्होजियेन म्हणायचं, आणि परतलेला कांदा घातला की पलीकडच्या अल्सासचं नाव लागतं. दुकानातल्या तयार कीशमध्ये मात्र सर्रास एमेंटाल चीज असतं आणि पाकिटावर नाव लोरेनचं. इथली वयस्कर मंडळी यावर अजूनही तावातावाने बोलतात. मला स्वतःला व्होजचं, म्हणजे चीज घातलेलं कीश जास्त आवडतं आणि खाली तेच देते आहे. पण मूळ पदार्थ चीजशिवाय उभा राहतो हे मनात पक्कं असू द्या. कीशचा जीव कस्टर्डमध्ये आहे, चीज त्याला चव द्यायला येतं. वाटीवाटीने चीज घातलं की त्यातलं तूप सुटून वर तवंग येतो, आतला भाग चिवट होतो, आणि अंडं-क्रीमचा जो नाजूकपणा खाण्यासाठी हा खटाटोप करायचा तोच हरवतो.

साहित्य २४ सेंमी रुंद आणि साधारण ३ सेंमी खोल टिनचं आहे, तळ सुटा होणारा पत्र्याचा टिन असेल तर उत्तम.

पारीसाठी : २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम घट्ट थंड बटर, पाव चमचा मीठ (बटर खारं असेल तर घालू नका), ३-४ मोठे चमचे बर्फाचं पाणी.

कस्टर्डसाठी : ३ मोठी अंडी (भारतातली लहान असतील तर ४), १५० मिली क्रीम, १५० मिली सायीचं दूध, ताजी मिरपूड, किसलेलं जायफळ, मीठ अगदी जपून.

चीज : ८० ते १०० ग्रॅम ग्रुयेर, जाड किसणीवर किसलेलं.

सारण : २ मोठे कांदे लांब चिरून मंद आचेवर तांबूस होईतो परतलेले. किंवा १ जुडी पालक, किंवा २०० ग्रॅम मशरूम. मांसाहारी असाल तर १५० ग्रॅम लार्दों किंवा बेकन, परतून तेल निथळलेलं.

बटरचे छोटे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे. तळव्याने चोळू नका, तळव्याची ऊब लागते. जाडसर रवाळ झालं, मधेमधे वाटाण्याएवढे बटरचे खडे दिसताहेत, की पाणी शिंपडत जेमतेम गोळा करायचा. मळायचं नाही. मळलं की मैद्यातला चिकटपणा जागा होतो, मग पारी भाजताना आक्रसते आणि खाताना चामट लागते. गोळा चपटा करून झाकून किमान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

नंतर ३ मिमी जाडीची पोळी लाटा, टिनमध्ये सैल बसवा (ताणून बसवली तर भाजताना कडा खाली सरकतात), काट्याने टोचा आणि टिनसकट पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये. उरलेला पिठाचा तुकडा टाकू नका, तो लागणार आहे.

आता रिकामी पारी भाजायची. ही पायरी गाळायची नाही. ओव्हन १९० अंशांवर तापवा. पारीवर बेकिंग पेपर घालून त्यावर राजमा किंवा तांदूळ काठोकाठ भरा, वजनामुळे तळ फुगत नाही आणि कडा उभ्या राहतात. १५ मिनिटांनी पेपर आणि राजमा काढून आणखी ८-१० मिनिटं भाजा, तळ कोरडा आणि फिकट सोनेरी होईपर्यंत. भेग दिसली तर त्या उरलेल्या कच्च्या पिठाने लिंपा. मग तळाला अंड्याच्या पांढऱ्याचा हात फिरवून २ मिनिटं परत आत. पांढरं शिजून पातळ पापुद्रा धरतं आणि कस्टर्ड पारीत मुरत नाही. तो राजमा नंतर शिजत नाही, पण बरणीत भरून वर्षानुवर्षं याच कामाला येतो.

कस्टर्ड फेस येईतो घुसळू नका. अंडी मोडून दूध-क्रीममध्ये एकजीव झाली की पुरे. फार हवा गेली तर ते ओव्हनमध्ये फुगतं आणि बाहेर काढल्यावर बसतं. निम्मं चीज तळाला, त्यावर सारण, त्यावर उरलेलं चीज. टिन ओव्हनच्या जाळीवर ठेवूनच कस्टर्ड ओता म्हणजे हिंदकळत नाही.

तापमान आता १६५ अंश. ३० ते ४० मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा टिन हलवून बघा. कडेचा दोन-तीन बोटं भाग घट्ट आणि मधला भाग थरथरता असेल तेव्हाच बाहेर काढायचं. दूध-क्रीम मिसळलेलं अंडं साधारण ८० अंशांच्या आसपास धरतं. त्याच्या बरंच वर गेलं की अंड्याची जाळी आवळली जाते आणि आतलं पाणी पिळून बाहेर पडतं. कीशला पाणी सुटतं त्याचं एक कारण हे. दुसरं कारण भाजी, त्याबद्दल खाली कुणी विचारलं तर लिहिते. मधला थरथरता भाग बाहेर काढल्यावर आतल्या उष्णतेवर शिजतो. निदान २० मिनिटं थांबूनच कापा.

इथे ते कोमट खातात, सोबत मोहरीचं ड्रेसिंग लावलेली हिरवी पानं. ज्यांनी केलंय त्यांनी आपापले अनुभव लिहा.

रवाळ (पुणे)

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार, मिराबेल. प्रश्न क्रीमचा. इथे टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम मिळतं त्यात स्निग्धांश २५ टक्के असतो. तुमच्याकडचं जास्त दाट असणार. चालेल का? आणि ग्रुयेर मिळालं तरी परवडत नाही, त्याऐवजी मोझरेला घातलं तर?

मिराबेल

रवाळ, क्रीम नक्की चालेल. इथे घरी क्रेम फ्रेश, म्हणजे किंचित आंबट दाट क्रीम, वापरतात, त्यात ३० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. तुझ्या क्रीमचं प्रमाण १५० ऐवजी २०० मिली कर आणि दूध १०० मिली. घरची साय असेल तर ती दुधात फेटून गाळून घे, गुठळ्या राहिल्या तर त्या भाजताना वेगळ्या दिसतात.

मोझरेलाला मात्र माझा ठाम नकार. त्यात पाणी भरपूर, चव सौम्य आणि तारा सुटतात. तारा पिझ्झ्यावर हव्यात, कापून खायच्या कस्टर्डमध्ये त्या घासाबरोबर सगळं सारण ओढून नेतात. भारतात बनणारं गौडा किंवा एमेंटाल मिळालं तर ते घे. नाहीतर मुरलेलं चेडर, पण ६०-७० ग्रॅमच, कारण ते तेल जास्त सोडतं.

खलबत्ता (ठाणे)

साधे प्रोसेस्ड चीजचे क्यूब कुणी वापरले आहेत का? आमच्या घरात कायम तेच असतात.

दुपारची_भूक (बंगळुरू)

खलबत्ता, मी नेहमी तेच वापरते आणि कीश चांगलं होतं. प्रोसेस्ड चीजमध्ये तूप आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार घातलेले असतात, त्यामुळे तेलाचा तवंग येत नाही, हा फायदाच. पण ते खारट फार. मी कस्टर्डमध्ये मीठ अजिबात घालत नाही. आणि मुरलेल्या चीजला जो सुक्या मेव्यासारखा, किंचित गोडसर वास असतो तो यात नाही, म्हणून थोडी मोहरीची पेस्ट पारीच्या तळाला लावते. अर्धा चमचा पुरते.

मिराबेल

मोहरीची युक्ती अगदी इथलीच आहे! बऱ्याच घरी पारीवर दिजोंची मोहरी लावतात. आपली कासुंदी लावली तर जपून, ती जास्त झणझणीत असते.

शुद्ध_शाकाहारी_सांगली

एक गोष्ट विचारायची आहे. आम्ही अंडं खातो, पण मांस नाही. ग्रुयेर शाकाहारी असतं का? परदेशातून येताना भाऊ आणणार आहे.

कोंडाजी (जिनिव्हा)

ताई, नसतं. अस्सल ग्रुयेर आणि त्याच्या शेजारचं फ्रेंच कोंते, दोन्ही पारंपरिक पद्धतीने वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, विरजतात. ही चीजं कायद्याने संरक्षित आहेत (कोंतेला फ्रान्समध्ये १९५८ साली हा दर्जा मिळाला), त्यामुळे कृती बदलायची मुभा नसते. चाळीस किलोच्या आसपास वजनाच्या, चाकासारख्या गोल एका चीजला सुमारे ४०० लिटर दूध लागतं आणि ते महिनोन् महिने मुरतं. किंमत जास्त असते ती म्हणून. भावाला सांगा की पाकिटावर सूक्ष्मजीवांपासूनचं किंवा वनस्पतीजन्य रेनेट असं लिहिलेलं चीज आणायचं. एमेंटालच्या प्रकारचं असं मिळतं. आणि भारतात हिरव्या ठिपक्याचं चीज घेतलं तर हा प्रश्नच येत नाही.

शुद्ध_शाकाहारी_सांगली

खूप खूप धन्यवाद. हे कुणी सांगत नाही. भावाला लगेच कळवते.

तापलेलं_नागपूर

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारी लाटणं म्हणजे परीक्षा असते. ओट्यावर बटर ठेवलं की पाचव्या मिनिटाला पाघळतं. मिराबेल, तुमच्या थंड देशातली कृती इथे कशी जमवायची? शिवाय ओव्हन नाही, ओटीजी आहे.

रवाळ

नागपूरकर, पुण्यातही तीच गत. मैदा, परात आणि लाटणं आदल्या रात्री फ्रिजमध्ये टाका. बटर गोठवून सरळ मैद्यात किसा, म्हणजे हाताने चोळायचं काम जवळजवळ राहत नाही. आणि दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटा, मऊ पडलं तर कागदासकट उचलून परत फ्रिजमध्ये. सकाळी सहाला करून ठेवलेली पारी दिवसभर फ्रिजमध्ये छान राहते.

मिराबेल

रवाळने सगळं सांगितलं. ओटीजीबद्दल : त्यात वरची सळई फार जवळ असते, म्हणून कीश वरून लवकर लाल होतं आणि तळ फिकट राहतो. रिकामी पारी भाजताना टिन सगळ्यात खालच्या खणात ठेवा, दोन्ही सळया चालू. कस्टर्ड ओतल्यावर मधल्या खणात, आणि रंग लवकर यायला लागला तर वर फॉइल सैल झाका. ओटीजीच्या बटणावरचे अंश आणि आतले अंश क्वचितच जुळतात, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतलात तर तो कीशच काय, केक-बिस्किटांनाही कामाला येईल.

काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात केलं तर दिसतं देखणं, पण ते भांडं तापायला वेळ घेतं आणि तळ कच्चट राहतो. पत्राच बरा.

मालवणी_मसाला (म्हापसा, गोवा)

लार्दोंच्या जागी आमच्याकडे चुरीस, म्हणजे गोव्याचे पोर्क सॉसेज, आहेच. मी असं करते : चुरीस माळेतून काढून, आवरण फाडून, आतलं मांस कांद्याबरोबर पार कोरडं होईपर्यंत परतते. त्यातल्या व्हिनेगरचा ओलावा पूर्ण उडायला हवा, नाहीतर आंबटपणाने कस्टर्ड फुटतं. लाल चरबी निथळून घ्यायची आणि फेकायची नाही, त्यात दुसऱ्या दिवशी पुलाव होतो. चुरीस फार तिखट आणि खारट असल्याने १०० ग्रॅम पुरे. चीज मात्र मी यात घालतच नाही. चुरीसपुढे कुठल्याही चीजची चव लागत नाही, मग वाया कशाला घालवायचं? मिराबेलने लिहिलेलं वाचून बरं वाटलं की मूळ पदार्थही तसाच आहे.

मिराबेल

अगदी पटलं! धूर दिलेलं मांस आणि क्रीम हीच मूळ जोडी, आणि चुरीसमध्ये धूर, मीठ, आंबटपणा सगळंच आहे. पुढच्या भारतवारीत हे खायला म्हापशाला यावं लागणार.

अबोली_७ (न्यू जर्सी)

इथे दुकानात तयार गोठवलेल्या पाय-पाऱ्या मिळतात. आठवड्याच्या धावपळीत मी त्याच वापरते. फक्त त्या खोलगट आणि आकाराने लहान असतात, त्यामुळे वरच्या मापाचं कस्टर्ड उरतं. माझा खरा प्रश्न भाज्यांचा. पालक-मशरूमच्या कीशला खाली पाणी साचतं. चीज तेवढंच, अंडी तेवढीच. नुसत्या कांद्याचं मात्र अजिबात असं होत नाही.

मिराबेल

अबोली, हेच ते दुसरं कारण. परतलेल्या कांद्यातलं पाणी तासभराच्या मंद आचेवर आधीच निघून गेलेलं असतं, पालकातलं मात्र तसंच असतं. पालक नुसता परतून भागत नाही. वाफवून, गार करून, मुठीत धरून पिळायचा, आणि वाटलं की झालं, तेव्हा सुती फडक्यात बांधून पुन्हा पिळायचा. एका मोठ्या जुडीचा लिंबाएवढा गोळा उरतो, तेवढाच बरोबर. मशरूम मोठ्या आचेवर, पातेलं गच्च न भरता परता. आधी पाणी सुटेल, मग ते आटेल, मग कडा तांबूस होतील, तिथे थांबा. मीठ शेवटी. टोमॅटोचे काप असतील तर बिया काढून, मीठ लावून अर्धा तास चाळणीत निथळायला ठेवा. झुकिनी, दोडका, दुधी यांनाही तेच.

लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी) मिळत असेल तर तो घे, बटरमध्ये मंद आचेवर मऊ करून, सोबत बकरीच्या दुधाचं चीज. फ्रान्समध्ये ही जोडी फार आवडीची आहे, आणि मला विचाराल तर ग्रुयेरच्या खालोखाल हीच.

दुपारची_भूक

मेथी कुणी घातली आहे का? मी लसणावर परतून, पिळून घातली होती, सोबत गौडा. कडवटपणा क्रीमने अगदी बेताचा राहतो. पालकापेक्षा मला जास्त आवडली.

अबोली_७

मेथी! फ्रीझरमध्ये पडून आहे. याच शनिवारी.

तूपसाखर (कोल्हापूर)

पारीत बटरऐवजी साजूक तूप चालेल का? आणि थोडी कणीक?

मिराबेल

तूपसाखर, चालेल, पण पोत वेगळा येईल. बटरमध्ये साधारण १५ टक्के पाणी असतं. भाजताना त्याची वाफ होते आणि पारीला पापुद्रे सुटतात. तुपात पाणी नाही, त्यामुळे पापुद्रे नाहीत, पण पारी फार खुसखुशीत होते. प्रमाण १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप, थिजलेलं, पातळ नको. आणि पाणी एखादा चमचा जास्त लागेल. कणीक निम्मी घातलीस तर पीठ जास्त वेळ, तासभर तरी झाकून ठेव. कणकेतला कोंडा सावकाश पाणी पितो, घाईने लाटलं तर कडा फाटतात. निम्म्यापेक्षा जास्त कणीक मी घालणार नाही, कस्टर्डची चव दबते.

जिरेपूड (नाशिक)

आमच्या घरी अंडं अजिबात चालत नाही. अंड्याशिवाय कीश होऊ शकतं का, की ती कल्पनाच सोडून द्यावी?

खलबत्ता

नेटवर कॉर्नफ्लोअर-दुधाचं बघितलं आहे. चव व्हाइट सॉसची येते.

मिराबेल

जिरेपूड, सोडू नका. कॉर्नफ्लोअरपेक्षा बेसन घ्या. सुरळीच्या वड्या येतात ना? तेच तंत्र. १ वाटी बेसन, ३ वाट्या द्रव. द्रवात अर्धं दूध, अर्धं पाणी. ताक नको, चीजबरोबर आंबटपणा बरा लागत नाही. गुठळी मोडून, मीठ-मिरपूड-जायफळ घालून मंद आचेवर ढवळत शिजवा. ताटलीवर थेंब टाकला आणि गार झाल्यावर सुटून आला की झालं. मग त्यात दोन चमचे क्रीम आणि निम्मं चीज, आणि गरम असतानाच भाजलेल्या पारीत ओता, कारण गार होताच ते धरतं. वर उरलेलं चीज पसरून १९० अंशांवर १५ मिनिटं, रंग येईपर्यंत. आत सगळं शिजलेलंच असल्याने इथे थरथर बघायची गरज नाही.

हे अंड्याच्या कीशसारखं लागत नाही आणि तसं लागावं अशी अपेक्षाही ठेवू नका. हा वेगळा पदार्थ आहे आणि चांगला आहे. दक्षिण फ्रान्समध्ये हरभऱ्याच्या पिठाचा सोक्का, पानिस असे पदार्थ पिढ्यान् पिढ्या होत आले आहेत, त्यामुळे हे पीठ तिकडे परकं नाही. यात परतलेला कांदा आणि भाजलेली ढोबळी मिरची घाला, पालकापेक्षा ते शोभतं.

जिरेपूड

सुरळीच्या वड्यांचं माप म्हटल्यावर धीर आला. हे जमेल. सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या बेसन आधी चाळून घे.

तापलेलं_नागपूर

डब्यात नेण्याचं काय? मूळ धागा डब्याचाच होता. उन्हाळ्यात टिकेल का?

दुपारची_भूक

अंडं, दूध, क्रीम सगळं आहे, नागपूरच्या उन्हात अजिबात नको. साध्या खोलीतही दोन तासांवर बाहेर ठेवू नये. मी रात्री करते, पूर्ण गार झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये, आणि डब्यात बर्फाची पिशवी घालून देते. मुलं गारच खातात. फ्रिजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं.

मिराबेल

आणि घरी परत गरम करायचं तर मायक्रोवेव्ह टाळा, पारी लिबलिबीत होते. ओव्हनमध्ये १६० अंशांवर १२-१५ मिनिटं, वरून फॉइल. तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवरही होतं, उलट तळ जास्त खुसखुशीत होतो.

अबोली_७

मेथी-गौडा कीश केलं. मेथी फडक्यात बांधून पिळली, तळाला थेंबभर पाणी नाही. चीज ९० ग्रॅम घेतलं, नवऱ्याला आधी कमी वाटलं, खाल्ल्यावर काही बोलला नाही आणि दुसरा तुकडा घेतला. मिराबेल, एकच विचारायचं राहिलं, कडा एका बाजूने आक्रसली. पारी ताणली गेली का?

मिराबेल

मस्त! तयार पारी होती की घरची? घरची असेल तर लाटल्यावर टिनमध्ये बसवून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची पायरी घाईत उरकली गेली असणार. पुढच्या वेळी कडा टिनच्या वर बोटभर लोंबती ठेव, तशीच भाज आणि भाजून झाल्यावर सुरीने काठालगत कापून टाक. आक्रसायला जागा मिळते आणि काठ सरळ येतो.